विणलेला सुती रॅप निवडताना: बाळाला पहिल्यांदा अंगाशी बांधणाऱ्यांसाठी

विणलेला बेबी रॅप उलगडून पाहिला तर अगदी साधा दिसतो. चार-पाच मीटर लांब आणि जेमतेम दीड हात रुंद असं एकच सलग सुती कापड. त्याला बकल नाही, कडी नाही, पट्टा नाही. शिवण म्हणाल तर कडा दुमडून घातलेली, तेवढीच. या साधेपणामुळेच पहिल्यांदा घेणारा बुचकळ्यात पडतो. बकलचं कॅरियर घेताना निदान हात लावून बघायला भाग असतात. इथे जे काही आहे ते कापडातच आहे, आणि कापड हातात धरून नेमकं काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. मग आपण रंग बघतो, नक्षी बघतो, गालाला लावून मऊ आहे का ते बघतो.

मीही तेच केलं होतं. तीन आठवड्यांच्या बाळासाठी ब्लँकेटसारखा जाड, 5.2 मीटरचा रॅप घेतला, कारण त्याचा निळा रंग मनात भरला. बांधायला घेतला की पदर जमिनीवर लोळायचे, गाठ मुठीएवढी व्हायची, आणि बाळाच्या मानेमागचा काठ कितीही ओढला तरी तिथे झोळ राहायचाच. मला वाटलं, मलाच जमत नाही. दोन महिन्यांनी एका मैत्रिणीने तिचा वापरून मऊसूत झालेला, मध्यम जाडीचा रॅप वापरायला दिला आणि पहिल्याच खेपेला बाळ अंगाशी नीट बसलं. हात तेच होते, बाळ तेच होतं. बदललं होतं ते कापड. पुढे इतर आईबाबांना बांधायला शिकवताना हाच प्रकार इतक्या वेळा पाहिला की आता कुणी 'जमत नाही' म्हणालं, तर मी आधी त्यांचा रॅप हातात घेऊन बघते.

आधी चार शब्द

पुढे हे शब्द सारखे येतील. रॅपच्या लांब बाजूच्या दोन कडा म्हणजे काठ. बांधल्यावर वरचा काठ बाळाच्या मानेशी येतो आणि खालचा त्याच्या गुडघ्यांमागे. दोन टोकं म्हणजे पदर. बाळाचं बूड आणि मांड्या पेलणारा भाग म्हणजे बैठक. जिथे कापड अंगाला लागत नाही, सैल राहतं, तो झोळ. लांबीतून जाणारे उभे धागे म्हणजे ताणा आणि त्यांना आडवे छेदणारे धागे म्हणजे बाणा.

पहिली पायरी: कापड ओढून बघा, सरळ आणि तिरकं

वेळ कमी असेल तर एवढी एकच परीक्षा करा, कारण रॅपचा सगळा जीव इथे आहे.

रॅपचा वीतभर भाग दोन मुठींत धरा आणि लांबीच्या दिशेने जोरात ओढा. कापड ताणलं जाता कामा नये. आता रुंदीच्या दिशेने ओढा. तिथेही जवळजवळ काही होता कामा नये. मग एक मूठ वर आणि एक खाली, अशी तिरकी धरून ओढा. इथे मात्र कापडाने थोडं द्यायला हवं, लांबायला हवं, आणि सोडल्यावर पुन्हा जागेवर यायला हवं.

असं का, ते समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा काटकोनात एकमेकांच्या खाली-वर जातात. धाग्याच्याच दिशेने ओढलं तर सगळा भार सरळ धाग्यावर येतो आणि सुती धागा फारसा लांबत नाही. तिरकं ओढलं की धागे लांबत नाहीत, पण त्यांच्यातले इवलेसे चौकोन कलतात आणि कापड त्या दिशेने सरकतं. बाळाची पाठ गोल असते, बूड गोल असतं, तुमचा खांदाही गोल असतो. सपाट कापड या गोलाव्यांवर चुण्या न पडता बसतं ते या तिरक्या सरकण्यामुळे. आणि सरळ दिशेने ते लांबत नाही, म्हणून दोन तास चालल्यावरही बाळ होतं तिथेच राहतं, खाली घसरत नाही. रॅपकडून या दोन्ही गोष्टी एकदम हव्या असतात: गोलाव्याला धरणं आणि वजनाला न झुकणं.

आता बाजारात 'रॅप' म्हणून मिळणारी आणखी एक चीज ओळखता येईल. टी-शर्टसारखं, सगळ्या बाजूंनी ताणलं जाणारं कापड असेल, तर ते विणलेलं नाही, निटेड आहे. त्यात धाग्यांची जाळी नसते, फासे असतात, आणि फासे उघडतात. नवजात बाळासाठी तो रॅपही चांगला असतो, पण बाळ वजनदार झालं की तो लोंबू लागतो, आणि त्यात बाळाला पाठीवर कधीच बांधायचं नसतं. विणलेल्या रॅपमध्ये मात्र नवजात बाळापासून चालत्या मुलापर्यंत सगळ्यांना बांधता येतं.

हमखास विचारलं जाणारं दुसरं म्हणजे, घरातली सुती चादर कापून चालेल का? ओढून बघा म्हणजे उत्तर मिळेल. पलंगावरच्या चादरीची वीण बहुधा इतकी घट्ट असते की तिरकी ओढली तरी ती फार देत नाही. शिवाय ती पातळ, म्हणून खांद्यावर दोरीसारखी गोळा होऊन काचते. रॅपसाठी विणलेलं कापड वेगळं पडतं ते विणकरांनी या तिरक्या लवचिकतेचा मुद्दाम विचार केलेला असतो म्हणून. जर्मनीत 1972 साली एरिका हॉफमन या जुळ्यांच्या आईने डिडिमोस ही रॅपची कंपनी सुरू केली (ग्रीक भाषेत डिडिमोस म्हणजे जुळा). अशा कंपन्यांच्या रॅपमध्ये वीण हीच मुख्य कारागिरी असते, नक्षी तिच्या मागून येते.

ओढून झालं की आणखी एक करून बघा. रॅप गुडघ्यावर टाका आणि दोन्ही काठ खाली ओढून धरा. गुडघ्याच्या वाटीवर कापड सपाट बसलं तर ते बाळाच्या पाठीवरही बसेल. वर तंबूसारखं उभं राहिलं, तर एकतर ते कोरं आहे किंवा जास्तच घट्ट विणीचं आहे. कोरं असेल तर ते सुधारेल, त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरी पायरी: लांबी तुमच्या अंगावरून ठरवा

रॅपची लांबी बाळाच्या वयावर नाही, बांधणाऱ्याच्या अंगावर आणि बांधणीच्या प्रकारावर ठरते. बाळ वाढतं म्हणून मोठा रॅप घ्यावा लागत नाही. कापड मुख्यतः तुमच्याभोवती फिरत असतं, बाळाभोवतीचा भाग त्यामानाने थोडा असतो.

लांब्यांना आकड्यांची नावं असतात. साधारणपणे 2 म्हणजे 2.7 मीटर, 3 म्हणजे 3.2, 4 म्हणजे 3.6, 5 म्हणजे 4.2, 6 म्हणजे 4.6 आणि 7 म्हणजे 5.2 मीटर. कंपनीगणिक यात पाच-दहा सेंटीमीटर इकडे-तिकडे होतात, म्हणून विचारताना आकडा विचारू नका, मीटर विचारा.

आता 'बेस साइज' हा शब्द. समोर बाळ घेऊन फुलीची बांधणी करायला तुम्हाला जेवढी लांबी लागते, तो तुमचा बेस साइज. या बांधणीत रॅपचा मध्य छातीवर येतो, दोन्ही पदर काखेखालून पाठीवर जातात, तिथे फुली घालून खांद्यांवरून पुढे येतात. समोर जो खिसा तयार होतो त्यात बाळ बसतं. मग पदर बाळाच्या बुडाखाली फुली घालून, त्याच्या गुडघ्यांखालून पुन्हा मागे जातात आणि कमरेशी गाठ बसते. मध्यम बांध्याच्या बहुतेकांना यासाठी 6 लागतो, लहान चणीच्या माणसाला 5 पुरतो आणि भरलेल्या अंगाच्या किंवा खूप उंच माणसाला 7.

अंदाजावर सोडायचं नसेल तर दोरीने मोजा. छातीशी एक छोटी उशी धरा. दोरीचा मध्य छातीवर ठेवून वर सांगितलेल्या वाटेने ती फिरवा आणि कमरेमागे टोकं एकमेकांना भेटतात तिथे खूण करा. दोन्ही बाजूंना गाठीसाठी आणि लोंबणाऱ्या पदरासाठी 30-30 सेंटीमीटर वाढवा. कापड रुंद असतं, चुण्या घेत जातं, म्हणून वर आणखी 20 सेंटीमीटर धरा. हा आकडा तुमचा. तो दोन आकारांच्या मध्ये पडला तर पहिला रॅप म्हणून मोठा घ्या. लोंबणारा पदर जरा त्रास देतो, पण आखूड पडलेल्या रॅपला गाठच बसत नाही.

घरातली दोन माणसं एकच रॅप वापरणार असतील तर दोघांपैकी ज्याचं माप मोठं, त्याचं धरा.

यापेक्षा आखूड रॅपही कामाचे असतात आणि पुढे हवेसे वाटतात. पाठीवरच्या रकसॅक बांधणीला बेसपेक्षा दोन आकार लहान पुरतो. समोरच्या कांगारू बांधणीत बाळावर कापडाचा एकच थर येतो, म्हणून ती उकाड्यात बरी. तिला दोन ते तीन आकार लहान लागतो. कडेवरच्या बांधणीत खांद्यापाशी सुरगाठ मारून ती सरकवत घट्ट करता येते, तिला तर 2 नंबरचा रॅपही चालतो. पण पहिलाच रॅप घेत असाल तर बेस साइजच घ्या. त्यात वरच्या सगळ्या बांधण्या करता येतात, फक्त पदर लांब राहतात. उलट आखूड रॅपमध्ये फुलीची बांधणी होत नाही, आणि नवजात बाळासोबत शिकायला तीच सगळ्यात मनासारखी: आधी कापड बांधून घ्यायचं, मग बाळ आत ठेवायचं.

रुंदी बहुधा 60 ते 75 सेंटीमीटर असते. कापडाला तुमच्या आणि बाळाच्या पोटामधून खाली उतरून, बुडाखालून वळून, पाठीवरून मानेपर्यंत यायचं असतं. इवल्या बाळाला 60-65 पुरते, आणि जास्त रुंदी असली तर मानेशी गोळा होते. चालत्या मुलाला मात्र 70 च्या वर बरी पडते. पुढची दोन-तीन वर्षं वापरायचा विचार असेल तर 70 च्या आसपासचा घ्या आणि बाळ लहान असेपर्यंत वरचा काठ बाहेरच्या बाजूला दुमडून घ्या.

तिसरी पायरी: जाडी

जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. 200 च्या खालचं पातळ, 200 ते 250 मध्यम, 280 च्या पुढचं जाड, असा ढोबळ हिशेब धरा. विकणाऱ्याला ठाऊक नसेल किंवा जुना रॅप असेल तर घरच्या वजनकाट्यावर काढता येतं. समजा रॅप 4.6 मीटर लांब आणि 0.7 मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ झालं 3.22 चौरस मीटर. वजन भरलं 740 ग्रॅम. 740 भागिले 3.22 म्हणजे 230 च्या जवळपास. मध्यम.

नवजात बाळासाठी माझं मत स्पष्ट आहे: 190 ते 230 मधलं घ्या. पातळ कापड धागा-धागा ओढून घट्ट करता येतं, आणि तीन-चार किलोच्या बाळाच्या मानेशी तोच बारीकपणा लागतो. जाड कापड हातात भरभक्कम वाटतं म्हणून ते जास्त सुरक्षित असणार, असा आपला समज होतो. माझा झाला होता. पण जाड कापडाचा झोळ काढायला जोर लागतो आणि तो जोर नवशिक्याच्या हाताला येत नाही. बाळ नऊ-दहा किलोंचं झालं की पारडं फिरतं. तेव्हा पातळ कापड खांद्यात रुतू लागतं आणि 250 च्या पुढचं कापड वजन पसरवून घेतं.

फक्त आकड्यावरही जाऊ नका. त्याच 230 चं एक कापड घट्ट विणलेलं, चपटं आणि टणक असू शकतं आणि दुसरं फुगीर, उशीसारखं. फुगीर कापड खांद्याला सुखाचं असतं. घेण्याआधी कापड दोन्ही हातांत गोळा करून खांद्यावर ठेवून बघा. तिथे ते कसं वाटतं ते कोणताही आकडा सांगत नाही.

वीण आणि धागा

यावर लोक तासनतास बोलतात, पण पहिल्या रॅपपुरतं थोडक्यात आटोपतं.

साधी वीण म्हणजे एक धागा वर, एक खाली. ती टिकाऊ असते, पटकन धागे ओढले जात नाहीत. सैलसर विणलेली असेल तरच ती तिरकी नीट देते. ट्विल विणीत बाणा दोन-तीन धाग्यांवरून उडी मारत जातो आणि दर ओळीला एक घर सरकतो, म्हणून कापडावर जीन्ससारख्या तिरक्या रेघा दिसतात. ट्विल मऊ पडतं, गोलाव्यावर छान बसतं. त्याच्या रेघा उलटसुलट फिरवून मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा चौकटींची वीण केलेली असते, तिला दोन्ही तिरक्या दिशांना सारखी लवचिकता असते. जॅकार्ड म्हणजे मोठी चित्रं, पानं, फुलं विणलेलं कापड. ते सुंदर दिसतं आणि बहुधा मऊही असतं, पण काही नक्ष्यांमध्ये धागा बराच अंतर मोकळा तरंगतो आणि अंगठीत, नखात, बॅगेच्या चेनमध्ये अडकतो. पहिला रॅप ट्विलचा घ्यावा, असं मी सगळ्यांना सांगते.

धाग्याबद्दल बोलायचं तर नुसतं सूत. जवसाच्या धाग्याची म्हणजे लिननची मिसळ वजन छान पेलते, पण कोरी असताना फार ताठ असते. लोकर हाताने जपून धुवावी लागते. बांबूची म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून काढलेला धागा असते, आणि व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद कमी होते. सुताचं उलट आहे, ओला सुती धागा कोरड्यापेक्षा मजबूत असतो. बाळ लाळ गाळतं, दूध ओकतं, तुम्हाला घाम येतो, रॅप आठवड्यातून दोनदा धुवावा लागतो. हे सगळं न कुरकुरता सोसणारा धागा सूतच.

काठ आणि रंग

रंग आवडीने घ्या, रोज अंगावर यायचा आहे. पण त्यातही एक उपयोगाची गोष्ट आहे. दोन काठ दोन वेगळ्या रंगांचे असतील किंवा लांबीभर पट्टे असतील, तर शिकणं निम्म्याने सोपं होतं. मागे हात नेऊन पदर ओढताना कोणता धागा वरच्या काठाचा, कोणता मधला, हे एका रंगाच्या कापडात कळत नाही. पट्टे असतील तर 'मानेशी पिवळा पट्टा सैल आहे, तोच ओढायचा' असं स्वतःला सांगता येतं. कापड कुठे पिळलं गेलंय तेही आरशात लगेच दिसतं.

दोन्ही काठांवर मध्याची खूण आहे का बघा. नसेल तर रॅप बरोबर मध्यावर दुमडून तिथे रंगीत दोऱ्याचे चार टाके घाला. पदर निमुळते कापलेले असले तर गाठ लहान आणि चपटी बसते. काठाची दुमड सलग आणि मऊ हवी, कारण तो काठ बाळाच्या गालाला आणि गुडघ्यामागच्या नाजूक त्वचेला लागतो.

बाळ रॅप चोखणारच. म्हणून पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करून गडद रंगावर घासून बघा, रंग उतरला तर तो रॅप आधी धुवून पुन्हा तपासा. तरीही उतरत राहिला तर नको. लेबलवर ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 (कापडात घातक रसायनं नाहीत ना, याच्या तपासणीचं प्रमाणपत्र) असेल तर वर्ग 1 लिहिलंय का पाहा, तो वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी असतो आणि त्याच्या मर्यादा सगळ्यात कडक असतात. जीओटीएस हे लेबल सेंद्रिय धाग्याबद्दल आहे. त्यासाठी कापडात किमान 70 टक्के सेंद्रिय धागा लागतो आणि रंगकामाच्या रसायनांवरही बंधनं येतात.

नवा घ्यावा की वापरलेला?

वापरलेला मिळत असेल तर जरूर घ्या. कोऱ्या कापडाला जो मऊपणा यायला महिने लागतात तो आधीच आलेला असतो. पण तपासून घ्या. रॅप खिडकीसमोर धरून सगळी लांबी हळूहळू सरकवत जा. उजेड कुठे जास्त येतोय, म्हणजे कापड कुठे विरलंय, ते कळेल. मध्यभाग आणि खांद्यावर येणारे भाग पुन्हा एकदा बघा, कारण झीज तिथे होते. भोक असेल, धागा तुटलेला असेल, काठाची शिवण उसवून कापड सुटू लागलं असेल, तर बाळाला त्यात बांधायचं नाही. नुसता ओढला गेलेला धागा, डाग, फिकटलेला रंग, या गोष्टींनी काही बिघडत नाही. आधीच्या घरात ब्लीच वापरलं होतं का तेवढं विचारून घ्या, त्याने सूत कमकुवत होतं.

घरी आणल्यावर: आधी धुवा, मग मोजा

कोऱ्या कापडात खळ असते, आणि विणताना धागे मागावर ताणलेले असतात. पहिल्या धुण्यात खळ जाते, धागे आखडतात आणि वीण जागेवर बसते. त्यामुळे न धुता बांधून बघून 'हा फार ताठ आहे' असा निकाल देऊ नका. 4.8 मीटरचा रॅप पाच टक्के आटला तर 24 सेंटीमीटर जातात, म्हणजे जवळजवळ अर्धा आकार. म्हणून घेतानाच विचारा की सांगितलेली लांबी धुण्याआधीची की नंतरची.

लेबलवर सांगितलेल्या तापमानाला, साध्या सौम्य साबणाने धुवा. सॉफ्टनर घालू नका. तो धाग्यावर थर बसवतो, त्याने कापड निसरडं होतं आणि घाम शोषायचं कमी होतं. दमट असतानाच इस्त्री करा. मऊ करायचा खरा उपाय म्हणजे वापर: रॅपवर बसा, तो अंगावर घ्या, सोफ्यावर टाका, रात्री तीन भाग करून वेणीसारखा गुंफून ठेवा. पंधरा दिवसांत फरक हाताला कळतो.

पहिल्यांदा बांधताना

पहिले काही दिवस बाहुली किंवा गुंडाळलेला टॉवेल घेऊन, आरशासमोर, पलंगाशेजारी उभं राहून सराव करा. बाळाला घ्याल तेव्हा ते पोट भरलेलं आणि शांत असू द्या. बाळ रडत असताना शिकायला घेतलं की दोघांनाही रॅप नकोसा होतो.

बाळ उभं, तुमच्या पोटाला पोट लावून घ्या. गुडघे बुडापेक्षा वर, मांड्या फाकलेल्या, बेडकासारख्या. खालचा काठ एका गुडघ्यामागून दुसऱ्या गुडघ्यामागे पोचलेला. वरचा काठ मानेशी, कानाच्या पाळीच्या वर नाही. मग ओढायला लागा. सबंध पदर एकदम खेचू नका. आधी वरचा काठ, मग मधला भाग, मग खालचा, असा चिमूट-चिमूट झोळ काढत जा. प्रत्येक ओढीला दुसऱ्या हाताने बाळाच्या बुडाला आधार द्या. शेवटी निरगाठ, दुहेरी.

आता तपासा. ब्रिटनमध्ये स्लिंगच्या, म्हणजे बाळाला अंगाशी बांधायच्या कापडी झोळ्यांच्या आणि रॅपच्या, कंपन्यांनी मिळून तयार केलेले 'टिक्स' म्हणून पाच नियम आहेत, त्यांचा आशय असा: बांधणी घट्ट आहे, बाळाचा चेहरा सतत दिसतोय, मान वाकवली की त्याच्या डोक्याची पापी घेता येते, हनुवटी छातीला टेकलेली नाही, आणि पाठीला आधार आहे. हनुवटीखाली तुमचं एक बोट तरी सहज गेलं पाहिजे.

हनुवटीचा नियम कधीही सोडू नका. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला, तेव्हा मागच्या 20 वर्षांतल्या किमान 14 बाळांच्या मृत्यूंची दखल घेतली होती. त्यातली 12 बाळं चार महिन्यांपेक्षा लहान होती. धोका दोन तऱ्हांनी येतो: कापड किंवा अंग नाका-तोंडावर दाबलं जातं, नाहीतर बाळ सैल कापडात मुडपून बसतं, हनुवटी छातीवर टेकते आणि चिमुकली श्वासनलिका दबते. अशा वेळी बाळाला रडताही येत नाही. झोळ काढता येईल असं कापड घ्या, हा आग्रह मी लेखभर धरलाय तो यासाठी. पोटापाशी सैल राहिलेलं चार बोटं कापड दहा मिनिटांनी बाळाची पाठ दुमडवतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजनाने कमी असेल, त्याला श्वासाचा काही त्रास असेल किंवा सर्दीने नाक चोंदलेलं असेल, तर बांधण्याआधी डॉक्टरांशी बोला.

कापडाचे थर कपड्यासारखेच मोजा. आत एक पातळ कपडा पुरतो, आणि पायमोजे जोडलेला अंगरखा नको, तो पावलांवर ताणतो. मानेमागे हात घालून बघा. तिथे घाम असेल तर बाळाला गरम होतंय. पाठीवर बांधणं बाळाची मान पक्की होईपर्यंत आणि तुमचा हात समोरच्या बांधणीवर बसेपर्यंत थांबू द्या. शेगडीशी काम करताना, सायकलवर आणि गाडीत बाळ अंगावर नको.

धागा ओढला गेला तर

हे कधीतरी होतंच, आणि बघून पोटात गोळा येतो. पृष्ठभागावर एक वळसा वर आलेला दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कापड आवळलेलं. कात्री लावू नका. सुईच्या बोथट टोकाने आवळलेल्या बाजूचा पुढचा टाका जरा सैल करा, मग त्याच्या पुढचा, असं करत तो जास्तीचा धागा थोडा थोडा दोन्ही बाजूंना वाटून टाका. मग तिथलं कापड तिरकं ओढा, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. धागे आपापल्या जागी सरकतात आणि धुतल्यावर बहुतेक वेळा जागा शोधूनही सापडत नाही. धागा तुटलेलाच असेल तर तो रॅप बांधायचा थांबवा. पदराच्या टोकाशी तुटला असेल तर तेवढा भाग कापून, नवी दुमड शिवून आखूड रॅप करता येतो, कडेवरच्या बांधणीसाठी.